उपचार मोफत मंजूर झाले, तरी अव्वा घरी परतली : जत तालुक्यातलं एक प्रकरण

ही नोंद जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून असलेल्या गावातल्या एका विधवा बाईची आहे. वय ५८. घरात सगळे तिला अव्वा म्हणतात, म्हणून इथंही तेच. घरच्यांना विचारूनच हे लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोडी कोरडवाहू जमीन, मुलगा द्राक्षबागेत रोजंदारीवर, सून, दोन नातवंडं, दोन शेळ्या. कुटुंब लिंगायत, घरात बोलणं कन्नड. अव्वाला मराठी येतं ते बाजारापुरतं. भाव करेल, तिकीट काढेल, पण पोटातलं दुखणं मराठीत सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

आजार होता गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. उपचार मिरजेत झाले आणि ते पूर्ण झाले. पैशाची तजवीज झाल्यावरही हे उपचार दोनदा मोडायला आले होते. दोन्ही वेळा अडचण अशी होती, जी रुग्णालयाच्या कुठल्याच कागदावर विचारलेली नसते. गावातून मोठ्या दवाखान्यात रुग्ण पोचवण्याचं काम आमच्यासारखे जे करतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधीचे सात-आठ महिने

पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाल्यावर अव्वाच्या पुन्हा अंगावरून जायला लागलं. आधी पांढरं, मग तांबूस. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सुनेला धुण्यात कळलं, पण सासूला विचारायचं कसं म्हणून तीही गप्प राहिली. कंबर दुखायला लागली तेव्हा मुलगा तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं तपासणी न करताच इंजेक्शनं आणि ताकदीची औषधं मिळाली. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि सांगितलं, "पिशवी खराब झालीय, काढून टाका." खर्च चाळीस हजारांच्या आसपास सांगितला. मुलानं बागमालकाकडं उचल मागितली होती.

इथं आशाताईनं, म्हणजे गावातल्या आशा सेविकेनं, हात धरला नसता तर पुढचं सगळंच बिघडलं असतं. पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर आतून तपासणी आणि गरज वाटल्यास तुकडा काढून तपासल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही, एवढं तिला प्रशिक्षणात पक्कं शिकवलेलं होतं. हे कळीचं आहे. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर असताना तो न ओळखता साधी पिशवी काढली, तर रोग मागं राहतो आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आपल्याकडं पिशवी काढण्याचा सल्ला फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यात केवढा गदारोळ झाला होता, चौकशी समिती नेमावी लागली होती. जतसारख्या भागात तोच सल्ला आजही ऐकायला मिळतो आणि माणसं कर्ज काढून तो पाळतात.

सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर कुठल्या वारी असतात ते आशाताईला माहीत होतं. त्याच वारी ती अव्वाला घेऊन गेली. पुरुष डॉक्टर असते तर अव्वा टेबलावर चढली नसती, हे आशाताईनं ओळखलं होतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळं तिथं खर्च झाला नाही. (वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही. तिथं थोडं शुल्क लागतं, ते खिशात ठेवूनच जावं.) डॉक्टरांना आतली गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला.

पैसे

हा भाग मी लवकर उरकते, कारण तो खरंच लवकर उरकला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि शिधापत्रिकेचा रंग आता आड येत नाही. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार, तिन्ही त्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिली गाठ तिथंच घ्यायची. अडलं तर १५५३८८ हा योजनेचा क्रमांक आहे.

अडलंच. अव्वाचं आधार कार्ड ती बहिणीकडं कर्नाटकात राहत होती तेव्हा काढलेलं, पत्ता तिकडचा. शिधापत्रिका इकडची, आणि तिच्यावरचं नाव दोन अक्षरांनी वेगळं. सीमेवरच्या गावांत हे घरोघरी आहे. लेकी तिकडं दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, कागद दोन राज्यांत विभागलेले. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव दुरुस्त करून घेतलं, आधारचा पत्ता बदलला, मग मंजुरी आली. माझा आग्रह आहे की हे काम आजारपणाची वाट न बघता ग्रामपंचायतीत शिबिर लावून करून टाकावं. आजारी माणूस घरात असताना तहसीलच्या चकरा मारणं फार जीवघेणं असतं.

कागद जुळेना तेव्हा दुसरी वाटही पाहून ठेवली होती. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढलेला असला तर ही खाट मागता येते. इथं तशी वेळ आली नाही.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा का, असं मुलानं विचारलं. कॅन्सरच्या रुग्णाला ती लागू आहे, महिन्याला दीड हजार मिळतात. पण अव्वाला लाडक्या बहिणीचे दीड हजार आधीच येत होते आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून त्याला तहसीलला पुन्हा पाठवलं नाही.

टेबलावरून उठून स्टँडवर

रोग गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूच्या भागात उतरला होता. अशा वेळी शस्त्रक्रिया करत नाहीत. बाहेरून किरणं, आठवड्यातून एकदा केमो आणि शेवटी आतून किरणं, असा उपचार असतो. आपल्याकडं लोक किरणांना 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. बाहेरचे शेक २५, आठवड्याला पाच. त्यानंतर आतले. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवं, लांबलं तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणजे एकेक दिवस मोलाचा.

आधी एमआरआय करायचा होता. मुलगा बाहेर बसलेला. आत तंत्रज्ञानं नेहमीप्रमाणं सांगितलं, अंगावरचं सगळं काढून ठेवा. अव्वानं बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात लावल्यावर ती थांबली. त्या डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी दीक्षेत मिळालेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं होऊ द्यायचं नाही, अशी तिची निष्ठा. तंत्रज्ञानं पुन्हा सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. तिला मराठीत कारण सांगता येईना, त्याला कन्नड कळेना. बाहेर रांग होती. अव्वा उठली, लुगडं सावरलं, मुलाला म्हणाली चल, आणि मायलेक स्टँडवर जाऊन जतच्या गाडीत बसले. रुग्णालयाच्या कागदावर नोंद झाली : रुग्णाने तपासणीस नकार दिला.

आम्हाला हे चार दिवसांनी कळलं, तेही आशाताईकडून. घरी गेलो तेव्हा अव्वा शांत होती. तिला मरायची भीती नव्हती असं नाही. पण लिंग उतरवून जगण्यापेक्षा ते गळ्यात ठेवून जे व्हायचं ते होऊ दे, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. मुलगा वैतागलेला. "सरकार पैसे भरतंय, डॉक्टर तयार हायती, आणि हिचं हे असं," तो म्हणाला.

मार्ग निघाला तो अगदी साधा होता. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. लिंग धातूचं नसतं, डबी चांदीची असते. गावातल्या जंगमांना, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंना, विचारलं. ते म्हणाले, डबीपेक्षा लिंग महत्त्वाचं, कापडात बांधून दंडाला बांधलं तरी ते अंगावरच आहे. पूर्वी कित्येक जण कापडातच बांधत. मग रुग्णालयातल्या क्ष-किरण विभागाच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "घेऊन या, मी स्वतः बघते." दुसऱ्या खेपेला त्यांनी पुरचुंडीला आधी हातातलं चुंबक लावून पाहिलं, अव्वाच्या दंडाला ती सुती पट्टीनं स्वतः बांधली आणि तपासणी झाली. पुढं बाहेरच्या शेकाच्या वेळी तर काहीच काढायची गरज नव्हती. शेक ओटीपोटाला, डबी गळ्यात. आतल्या शेकाला भूल द्यावी लागते, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहून घेतलं : दंडाला बांधलेली पुरचुंडी काढू नये, अडचण असल्यास आधी नातेवाइकांना बोलवावे.

यावरून कुणी 'लिंगायत रुग्णांसाठी सूचना' असा तक्ता करून भिंतीवर लावू नये. त्याच गावातली दुसरी एक बाई अशाच तपासणीला लिंग सुनेच्या हातात देऊन आत गेली होती, तिला त्यात काही वाटलं नाही. जात-धर्म पाहून अंदाज बांधण्यापेक्षा समोरच्या माणसाला विचारावं. आणि विचारायचं ते टेबलावर झोपवण्याआधी.

राहायचं कुठं

गावातून जतला यायचं, तिथून मिरजेला एसटीनं अडीच-तीन तास. रोज जाऊन-येऊन शेक घेणं अशक्य. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या मुलाचं पूर्ण. शिवाय ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, वर्षातली बरी मजुरी तेव्हाच मिळते. ती बुडवून मुलगा मिरजेत बसला असता तर मोफत उपचारातही घर कर्जात गेलं असतं. योजनेत औषध आहे, खाट आहे, पण दोन महिने सोबतीला राहणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही.

मिरज हे रुग्णांना सरावलेलं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि रेल्वेचं जंक्शन असल्यानं उत्तर कर्नाटकातले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या इथं येतात. दवाखान्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्या भरपूर आहेत. पण अव्वानं पहिली खोली पाहिली आणि नको म्हटलं. सामाईक स्वयंपाकघरात शेजारच्या शेगडीवर मटण शिजत होतं, आणि न्हाणीघराची पाळी सकाळी नऊनंतर लागायची. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही.

इथं समाज कामी आला. मुलाच्या सोयऱ्यांतल्या एकानं मिरजेतल्या एका मठात शब्द टाकला. मठात मागच्या बाजूला एक खोली होती, पहाटे पाणी होतं आणि दुपारी दासोह, म्हणजे येईल त्याला जेवण. तिथं कुणी कुणाचे उपकार मानत नाही, त्यामुळं अव्वाचा मानही राहिला. सोबतीला तिची धाकटी बहीण विजयपूर जिल्ह्यातून आली. तीही विधवा, तीही शेतमजूर. तिच्या मजुरीची भरपाई कुणी केली नाही, हे इथं लिहून ठेवलंच पाहिजे.

आंघोळ, पाणी आणि आयाबाई

पहिल्याच आठवड्यात अव्वाचं वजन घटलं. दोन दिवस ती जवळजवळ काहीच खात नव्हती. डॉक्टरांना वाटलं मळमळ, म्हणून औषध वाढवलं.

खरी गोष्ट वॉर्डातल्या आयाबाईंना कळली. त्या अथणीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. शेकाच्या जागी कातडीवर शाईनं खुणा करतात, त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून कुणीतरी अव्वाला घाईत सांगितलं होतं, "आंघोळ करायची नाही." आंघोळ नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे जेवण नाही. दोन दिवस ती उपाशी होती आणि हेच उपचार असतील असं समजून सोसत होती. सूचना खरं तर एवढीच होती की खुणांवर साबण लावायचा नाही, चोळायचं नाही. पाणी चालतं. आयाबाईंनी ते कन्नडमधून समजावलं आणि त्या दुपारी अव्वा मठात पोटभर जेवली. पुढं शाई फिकी पडायला लागली तेव्हा तंत्रज्ञानं सुईनं कायमचे बारीक ठिपके करू का म्हणून विचारलं. हनुवटीवर आणि हातावर गोंदलेल्या अव्वाला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

पाण्याचंही तसंच. शेकाआधी पाणी पिऊन लघवी रोखून धरायची असते. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि त्यांना किरणं कमी लागतात, जुलाब कमी होतात. अव्वा दिलेलं पाणी प्यायची आणि नंबर यायच्या आत लघवीला जाऊन यायची. परक्या पुरुषांसमोर टेबलावर काही अवघड झालं तर काय, ही धास्ती. कारण सांगितल्यावर तिनं एकदाही चुकवलं नाही. आधी तिला हुकूम मिळाला होता, कारण कुणी सांगितलं नव्हतं.

मला यात सगळ्यांत जास्त चुटपूट याची वाटते की कन्नड जाणणारी माणसं त्याच इमारतीत होती. आयाबाई होत्या, दोन नर्स होत्या, औषधाच्या खिडकीवरचा मुलगा होता. नवीन कुणाला नेमायचं नव्हतं, एक रुपया लागणार नव्हता. कन्नड रुग्ण आला की पहिल्या दिवशी यांच्यापैकी एकाला दहा मिनिटं त्याच्याजवळ बसवा, एवढं ठरवलेलं असतं तर ते दोन उपाशी दिवस टळले असते. आयाबाई हे काम आपणहून करत होत्या, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यांच्या कामाच्या यादीत ते कुठंच नाही.

आहाराचा छापील कागद मिळाला त्यात ताकदीसाठी अंडी, मासे, चिकन. अव्वाच्या घरात यातलं काही शिजत नाही, म्हणून बहिणीनं तो घडी घालून पिशवीत ठेवून दिला. नंतर आहारतज्ज्ञांनी मठातल्या जेवणावरच बेत बसवून दिला : मऊ भात, मुगाचं वरण, ताक, दही. जुलाब सुरू झाले त्या दिवसांत ज्वारीची भाकरी आणि पालेभाज्या बंद. भाकरी सुटल्याचं अव्वाला सगळ्यांत जड गेलं. सोमवारचा उपास मात्र आहारतज्ज्ञांच्या सांगण्यानं सुटला नाही. मठातल्या स्वामींनी सांगितलं, दुखण्यात लिंगाला दाखवलेला ताकभात हाच उपास, तेव्हा सुटला.

दिवाळी

उपचार मोडायला आले ते दुसऱ्यांदा दिवाळीत. बाहेरचे शेक संपत आलेले, आतले बाकी. शिवाय तालुक्यातल्या गुड्डापूरच्या दानम्मादेवीला अव्वा दर अमावस्येला जायची आणि दोन अमावस्या आधीच चुकल्या होत्या. सणाला घरी जाते, मग बघू, असं ती म्हणायला लागली. असं 'मग बघू' म्हणून गेलेले रुग्ण बऱ्याचदा परत येत नाहीत, आले तर महिन्यानं येतात.

डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. कॅलेंडर पुढ्यात घेतलं. गुड्डापूरची मोठी जत्रा कार्तिक अमावस्येला असते, दिवाळीनंतर महिन्याभरानं. आतले शेक त्याच्या बऱ्याच आधी संपतील असे दिवस त्यांनी तिच्यासमोर मोजून दाखवले आणि लक्ष्मीपूजनाला दोन रात्री घरी जायची मोकळीकही दिली, कारण मशीन त्या दिवशी बंदच होतं. भाऊबीजेच्या दिवशी मुलगा तिला स्वतः परत घेऊन आला. सगळं आठ आठवड्यांच्या आत बसलं. कार्तिकात ती जत्रेला गेली, पायी नाही, एसटीनं.

आजची स्थिती

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे. पहिल्या तपासणीत रोग दिसला नाही. जुलाब थांबले, थकवा आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर पुढची तारीख आणि सूचना अजून इंग्रजीतच येतात. मुलगा त्या आयाबाईंना फोनवरून वाचून दाखवतो आणि त्या अव्वाला समजावतात.

शेकानंतर योनिमार्ग आकसतो, त्याची काळजी घ्यायची असते, नाहीतर पुढच्या तपासण्या नीट होत नाहीत आणि त्रासही होतो. अव्वा विधवा म्हणून हे तिच्याशी कुणी बोललंच नाही. डॉक्टर बोलले नाहीत, आणि आम्हीही विषय काढायला उशीर केला. आता तालुक्याच्या लेडी डॉक्टर ते पाहत आहेत.

सून ३४ वर्षांची आहे. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते, हे तिला माहीत आहे आणि सासूचं सगळं तिनं जवळून पाहिलं आहे. ती अजून गेलेली नाही. सुगी झाली की जाते म्हणते. लेडी डॉक्टरांचा वार आशाताईनं तिला सांगून ठेवला आहे, आणि सोबत अव्वा जाणार आहे.